जबडा वाढत नाही

पाटी

दुकानाला पाटी नव्हती. भाऊ होता.

दातांचा नवा डॉक्टर पहिल्यांदा काम द्यायला आला की नमुना मागायचा. ताई पॉलिशची मोटर बंद करायची, मनगटावरची गुलाबी भुकटी झटकायची आणि मान न वळवता हाक मारायची, "हिरो, हास रे."

धाकटा भाऊ काउंटरमागून हसायचा. डॉक्टर म्हणायचा, "दात छान आहेत यांचे, पण मला कवळी बघायची होती." मग भाऊ तोंडात बोटं घालायचा, वरची काढायचा, खालची काढायचा, दोन्ही त्याच्यापुढे ठेवायचा आणि बोळक्या तोंडाने म्हणायचा, "बघा. चावत नाहीत."

काम मिळायचं.

विशीत तो मोटरसायकलवरून तोंडावर आपटला होता. पुढचे दात रस्त्यावर राहिले, मागचे एकेक करून सडले. ताई तेव्हा मामाच्या हाताखाली कवळ्या करायला शिकत होती. तिने एकटीने केलेली पहिली कवळी त्याची. त्याच्या बायकोला हे लग्नानंतर कळलं, तेही तो शिंकला तेव्हा. "म्हणजे मी भाळले ते ताईंच्या हसण्यावर," असं ती चारचौघांत सांगायची.

घरचा नियम एकच. हिरोची कवळी टोचता कामा नये. बाहेरचं गिऱ्हाईक कुढत बसतं, जेवताना कवळी काढून खिशात ठेवतं, पण सांगायला येत नाही. हा सकाळी टोचलं की दुपारी आ करून समोर उभा. ताई पेन्सिलने खूण करायची, तेवढं घासायची, परत बसवायची. घासून भागेनासं झालं की नवी करायची. चालत्याबोलत्या पाटीला गंज चढू द्यायचा नसतो.


बाराखडी

दात गेलेला जबडा झिजतो. या धंद्यात पहिल्यांदा हेच शिकवतात. दात होते तोवर हाडाला काम होतं. दात गेले की हाड खचतं, हिरडी बसत जाते आणि चांगली घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी ढिली होते. बोलताना टकटक वाजते, खोकताना हातात येते. ढिली कवळी ही वयाची तक्रार. त्यात कुणाचा दोष नाही.

तंग कवळी मात्र कारागिराची चूक. जबडा वाढत नाही. मग कवळी लहान झाली ती दुकानातच झाली.

कशी होते तेही ठरलेलं. तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरचा जबडा निघतो, त्याच्यावर कवळी घडते. प्लास्टर घट्ट होताना केसभर फुगतं. कवळीचं अॅक्रिलिक थंड होताना केसभर आकसतं. एकाचं फुगणं दुसऱ्याच्या आकसण्याला सांभाळून घेतं. प्लास्टरमध्ये पाणी जास्त पडलं तर ते हवं तेवढं फुगत नाही. मग कवळी तंग.

पाणी घालायचं काम मामाकडे होतं.


पाणक्या

दुकान मूळचं मामाचंच. नजर थकली तसं त्याने ते भाचीच्या हवाली केलं आणि स्वतःकडे रबरी वाडगं तेवढं ठेवलं. भुकटी मुठीने, पाणी अंदाजाने. मापाचं भांडं खिळ्याला टांगलेलं असायचं, त्याच्यावर धूळ. सगळे त्याला पाणक्या म्हणायचे. तोही फोन उचलून म्हणायचा, "बोला, पाणक्या बोलतोय."

भावाची कवळी पहिल्यांदा तंग झाली तेव्हा ताई काही बोलली नाही. नवी केली. वर्ष सरेपर्यंत तीही तंग झाली.

"मामा, प्लास्टर पातळ होतंय," ताई म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"हिरोची हिरडी म्हणते. बघ, लालबुंद झालीय."

"त्याची हिरडी कालची पोर. मी हे वाडगं तू जन्मायच्या आधीपासून फिरवतोय."

"म्हणून तर म्हणते. हात थकला असेल."

मामाने प्लास्टर कालवायची पट्टी वाडग्याच्या काठावर आपटली. "बाकीच्यांच्या कवळ्या बसतात ना? त्यांना काय वेगळा हात लावतो मी?"

"बाकीचे बोलत नाहीत, मामा. हा बोलतो."

"तुम्ही भांडू नका," भाऊ मधे पडला. "मी आणखी एक वर्ष सूप पितो."

"तू तोंड मीट," ताई म्हणाली.

"मीटता येत नाही, तीच तर तक्रार आहे."

मामासुद्धा हसला. पण ताईच्या मनात ते घट्ट बसलं. बाकीच्यांच्या कवळ्याही तंगच जात असतील. ते मुकाट सोसत असतील, मागून दुकानाला नावं ठेवत असतील. खरं सांगणारा एकच माणूस, तो घरचा. हिरोचं तोंड हा दुकानाचा वजनकाटा होता, आणि काट्यावर कोण शंका घेतो?


कवटीच्या तळाशी

वाटाण्याएवढी ग्रंथी. नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत. तिच्या एका कडेला काही पेशी आपल्याच नादाने वाढलेल्या.

इतरांच्यात ती निरोप धाडते तो बहुतेक झोपेत, आणि थांबून थांबून. निरोप, मग शांतता. निरोप, मग शांतता. शांतता निरोपाइतकीच कामाची.

इथे शांतता नाही.

निरोप: कच्चा माल आत ओढा.

निरोप: नकला काढा.

निरोप: ओवा.

निरोप: जुनं मोडू नका.

यकृत निरोप घेतं आणि आपला एक दुसरा निरोप पुढे पाठवतं. तो हाडांपर्यंत पोचतो.

हाडं विचारत नाहीत, कशाला.


चावा

पुढच्या वेळी नुसतं टोचणं नव्हतं. खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊ लागले होते. मेणात दात मांडून ताईने कवळी भावाच्या तोंडात घातली.

"सरळ चाव, गाढवा."

"सरळच चावतोय."

"जबडा पुढे काढू नको."

"मी कशाला काढतोय? तो आपला आपण येतोय."

हे वाक्य तिने ऐकलं. ऐकून सोडून दिलं. ठशात प्लास्टर ओतताना वाकडं झालं असणार, असं ठरवून ती कामाला लागली.

त्या कवळीत तिने जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. वरचे दात किंचित बाहेर मांडले. खालचे आत कलते केले. ओठाच्या मागे जरा जाडी दिली, म्हणजे ओठ भरल्यासारखा दिसेल. जिभेला जागा कमी पडत होती म्हणून आतली कड घासून कागदासारखी केली. बसवल्यावर भावाने आरशात पाहिलं आणि तो पुन्हा हिरो. लांबलेली हनुवटी त्या हसण्यामागे दडली. तिथे आलेला एक दातांचा डॉक्टर म्हणाला, "बाई, हे काम शिकवा कुणालातरी." ताईला दिवसभर भूक लागली नाही, इतकं बरं वाटलं.

त्याच आठवड्यात तिने मामाच्या हातातून वाडगं काढून घेतलं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. तिने खिळ्यावरचं मापाचं भांडं काढलं, पदराने पुसलं, पाणी मोजलं, भुकटी वजनावर तोलली. मामा शेजारी उभा होता. ओले हात पोटाशी धरून तो बघत राहिला, ते संपेपर्यंत.

"बरंय," तो म्हणाला. "माप असलेलं बरंच."

चष्मा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही.

मापाच्या पाण्यात केलेली कवळी काही महिने छान बसली. मग टोचली. ताईने प्लास्टरची कंपनी बदलली.

मामाला बोलवावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बोलवायचं तर पाणी कधीच चुकलं नव्हतं असं म्हणावं लागलं असतं. पोतं दमट असेल, तिने मनाशी म्हटलं. हवा दमट आहे यंदा.


जेवताना

"याला नवे बूट लागणार," भावजय म्हणाली.

"परवाच तर घेतले," ताई म्हणाली.

"पायच सुजतात. उभं राहून राहून."

"मी बसून असतो दिवसभर," भाऊ म्हणाला.

"मग बसून बसून सुजतात. आणि ताई, अंगठी! साबण लावला, तेल लावलं, शेवटी कापून काढली."

"खातो किती ते बघ ना."

"घोरतो किती ते विचारा. भिंतीपलीकडची बाई म्हणाली, तुमच्याकडे पिठाची चक्की आणलीय का?"

"आवाज बघा पण कसा भारदस्त झालाय," भाऊ म्हणाला. "फोनवर लोक मला साहेब म्हणतात."

"साहेब, आधी कपाळ पुसा. ताटात घाम पडतोय."

"उकडतंय."

"मला गारठा लागतोय आणि तुला उकडतंय," ताई म्हणाली. "डोकं दुखायचं थांबलं का?"

"ते हिच्यामुळे दुखतं."

"माझ्यामुळे! माझं आयुष्य गेलं याचे दात शोधण्यात. रात्री कवळी काढून कुठेही ठेवतो."

तिघं हसली. त्याचं हसणं सगळ्यांत मोठं. आता सगळंच मोठं होतं त्याचं. चपला, हातमोजे, टोपी, शर्टाची बटणं. प्रत्येक गोष्ट जराशी लहान व्हायची आणि लगेच बदलली जायची. प्रेमाचं घर होतं. त्या घरात कुणाला काही फार दिवस टोचत राहत नसे.


निरोप

ओवा.

जीभ. टाच. नाक. बोटांची पेरं. गळ्याच्या आतलं मांस. कातडीची जाडी.

ओवा.

मूठभर असायचं ते हृदय.


रस्त्यावर

तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम भावाकडे होतं. स्कूटरच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत प्रत्येक कवळी आपापल्या डबीत, ओल्या कापसावर.

आधी आरसा तुटला. मग दुसऱ्या बाजूचा. मग दाराच्या चौकटीला धडक, मग टपरीच्या खांबाला. "अंगाने सुटलास, आता वळायला जागा जास्त लागते," ताई म्हणाली होती. भाऊ म्हणाला, "खांबच मधे येतात हल्ली."

एका भर दुपारी, रुंद सरळ रस्त्यावर, डाव्या कडेला एक हातगाडी उभी होती. नुसती उभी. रिकामी. तो सरळ तिच्यावर गेला.

पेटी उघडली. डब्या फुटल्या. गुडघा फुटलेला माणूस रस्त्यात बसला होता आणि त्याच्या चहूबाजूंना दात पडले होते. वरचे, खालचे, अर्धे, पूर्ण. लोक धावत आले आणि दोन पावलांवर थबकले. माणसाला उठवायला हात पुढे येत होते, दातांना कुणी शिवेना. एक बाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "अरे देवा, एवढे सगळे याचेच?"

"माझे तोंडात आहेत," भाऊ म्हणाला आणि वाकून गोळा करू लागला. समोरचे उचलले. बाजूचे तसेच राहिले. लोक सांगत होते, इकडे, अहो इकडे, हाताजवळच आहे तुमच्या. तो मान पूर्ण फिरवायचा तेव्हा त्याला दिसायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला यंत्रासमोर बसवून कडेकडेला उजेडाचे ठिपके दाखवले. दिसला की बटण दाब. भाऊ बराच वेळ बटण न दाबता बसून राहिला. त्याला वाटलं, अजून सुरूच झालं नाही.

"समोरचं चांगलं दिसतं यांना," डॉक्टर भावजयीला म्हणाला. "दोन्ही कडांचं दिसत नाही. घोड्याला झापडं बांधतात ना, तसं. डोळे चांगले आहेत. मागे काहीतरी नसेवर दाबतंय. उद्याच डोक्याचा स्कॅन करा."


हार्मोनची डॉक्टर

ती वयाने लहान होती आणि तिने आधी स्कॅन पाहिलाच नाही. तिने हात पुढे केला. भावाने हात मिळवला. तिने तो सोडला नाही, उलटा केला, बोटं दाबली.

"जुने फोटो आहेत?"

भावजयीने फोन दिला. डॉक्टर बोटाने एकेक फोटो मागे सारत गेली.

"इथे नाही. इथे सुरू झालं. इथे बघा, भुवईचं हाड. ही हनुवटी." ती थांबली. "इथे हनुवटी पुन्हा आत गेल्यासारखी दिसतेय. हे कसं?"

ताईने वाकून तो फोटो पाहिला.

"कवळी आहे ना यांना? बदलावी लागली असेल."

"लागली," ताई म्हणाली.

"बऱ्याचदा?"

"दर वेळी झकास बसायची, डॉक्टर," भाऊ म्हणाला. "घरचंच दुकान आहे. ही माझी बहीण करते."

डॉक्टरने ताईकडे पाहिलं. रागाने नाही. ते जास्त वाईट होतं.

"दात गेलेला जबडा वाढत नाही," ताई म्हणाली. आवाज तिला स्वतःला अडाणी वाटला.

"यांचा वाढला. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. कॅन्सर नाही, पण ती वाढीचं हार्मोन सोडत राहते, थांबतच नाही. तुम्ही साच्यातून काम करता ना? मग तुम्हाला लवकर कळेल. प्रत्येक पेशीत एक मूळ साचा असतो, तो जागचा हलत नाही. त्याची नक्कल निघते. त्या नकलेबरहुकूम बारीक बारीक कण एकापुढे एक ओवले जातात, मोत्यांची माळ ओवतात तसे. ती माळ म्हणजे प्रथिन. मांस, कातडी, नसा, सगळं त्याचंच. हाडातला खनिजाचा चुनासुद्धा त्याच्याच जाळीवर बसतो. हे हार्मोन काय करतं? पेशीला सांगतं, कण जास्त आत घे, नकला जास्त काढ, ओवणाऱ्यांना सुट्टी देऊ नको, जुन्या माळा मोडू नको."

"मग हा उंच का नाही झाला?" ताईने विचारलं.

"हाडाची लांबी वाढवणारी टोकं विशीच्या आसपास बंद होतात. त्यानंतर हुकूम आला तर हाड जाड होतं. जबडा, हात, पाय. आणि जिथे मांस आहे तिथे मांस."

"हनुवटी परत जाईल?" भावाने विचारलं.

"हाड परत जात नाही. मांस थोडं उतरतं. गाठ नाकातून काढता येते, तासा-दोन तासांचं काम." तिने दुसरा कागद ओढला. "पण भूल द्यावी लागते. आणि हृदय हाही स्नायूच आहे. त्यालाही तोच हुकूम गेला. ते इतकं वाढलंय की त्याला आता नीट आवळता येत नाही. अशा हृदयावर भूलवाले डॉक्टर हात ठेवणार नाहीत."

"म्हणजे?" भावजय म्हणाली.

"म्हणजे आधी इंजेक्शनं. दर महिन्याला एक. ती हार्मोन दाबतील. काही महिन्यांत हृदयाने थोडी उभारी धरली तर ऑपरेशन. मग पुढे बरीच वर्षं आहेत."

"आणि नाही धरली तर?" ताईने विचारलं.

डॉक्टर भावाकडे बघून म्हणाली, "हृदयावरच अवलंबून आहे सगळं."

बाहेरच्या बाकावर भावजय बराच वेळ पर्सची चेन उघडबंद करत होती.

"बाहेरून करून घेतल्या असत्या ना कवळ्या," ती म्हणाली, "तर कुणीतरी वैतागलं असतं. म्हणालं असतं, जा बाबा, तुझ्या तोंडातच काहीतरी आहे, दाखवून ये. मी दोष देत नाही हं, ताई."

"नको ना देऊस," ताई म्हणाली.

"नाहीच देत."


मामाच्या खोलीत

ताई मामाकडे गेली तेव्हा मामी दार उघडून बाजूला झाली. मामा खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली.

"मामा, पाणी बरोबर होतं."

त्याने खिशातून चष्मा काढून लावला.

ताईने सगळं सांगितलं. ग्रंथी, हार्मोन, जबडा, हृदय. मामाने मधे एकदाच विचारलं, "जगेल ना?" तिने सांगितलं, बघायचं.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा तूच गाळून घे गं. याला देऊ नको भांडं."

"का?"

"सांडतो. म्हणजे सांडत नव्हता आधी. आता हातात पातेलं घेतलं की थांबतो, बघत बसतो. पाणी जास्त झालं का म्हणून मला विचारतो. आंघोळीच्या पाण्यालासुद्धा विचारतो. दाढी करणं सोडलं. म्हणतो, हाताचा भरवसा नाही."

"मामा, अरे हात चांगलाच होता तुझा. तेच सांगायला आलेय."

मामाने दोन्ही पंजे पुढे धरले. ते थरथरत होते.

"तेव्हा होता," तो म्हणाला. "आता बघ."

ताईला वाटलं होतं तो रागावेल, शिव्या घालेल, चालती हो म्हणेल. तो तिच्याकडे कुतूहलाने बघत होता, जणू त्याच्या हातांचं काय झालं हे तीच सांगू शकणार होती. दुकानाच्या फळीवर हिरोच्या जबड्याचा एकही जुना साचा नव्हता. जागा नाही म्हणून ते फोडून टाकायची पद्धत होती, ती मामाचीच. प्लास्टरच्या त्या जबड्यांची रांग लावून बघावी असं आता ताईला वाटत होतं. कशासाठी, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.


निरोप

निरोप:



टकटक

तिसऱ्या इंजेक्शननंतर कवळी वाजली.

भाऊ काउंटरवर बसून फोनवर बोलत होता आणि 'स' म्हणताना वरच्या दातांनी खालच्यांवर टक केलं. त्याने फोन ठेवला. जीभ फिरवली. पुन्हा बोलून बघितलं. टक.

"ताई! ढिली झाली!"

ताई मोटर चालू ठेवूनच धावत आली. खालची कवळी बोटाने हलवली. ती हलली. हिरडीवरचं मांस उतरलं होतं, जीभ आत बसत होती. या दुकानात कवळी ढिली झाली म्हणून पहिल्यांदाच कुणी रडलं. भावजयीला फोन केला. भाऊ फोनमध्ये मुद्दाम दात वाजवत राहिला.

"बूटही ढिले वाटतायत," तो म्हणाला. "घाम कमी झालाय. बघ, सुका आहे."

"आत थर देऊन घट्ट करून देऊ?"

"हात लावायचा नाही. वाजू दे. ऑपरेशनपर्यंत वाजू दे."

मग तो वाजतच राहिला. कवळीचं गिऱ्हाईक आलं तर ताईच त्याला आत पाठवायची, पाटी आवाज करतेय म्हणून. तो पातळ खायचा, टक, टक. रक्ताचे कागद चांगले येत होते. हार्मोन उतरत होतं. प्रत्येक कागद भावजय देवाच्या फोटोमागे ठेवायची.

जिना चढताना मात्र तो आता दर पायरीला थांबायचा. त्याने सांगितलं नाही. कवळी टोचली की दुपारी आ करून उभा राहणारा माणूस, या बाबतीत गप्प. आडवं झोपलं की दम लागतो म्हणून तो बसून झोपू लागला, आणि बायकोला सांगितलं, घोरणं बंद व्हावं म्हणून.

हृदयाची तपासणी झाली त्या दिवशी हार्मोनच्या डॉक्टरने भूलवाल्या डॉक्टरला बोलावून घेतलं होतं. तो वयस्क होता. त्याने पडद्यावरचं चित्र पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. करड्या रंगाची एक मोठी पिशवी आळसटल्यासारखी हलत होती.

"हार्मोन आटोक्यात आहे," हार्मोनची डॉक्टर म्हणाली. "जबडा आता वाढणार नाही. हात वाढणार नाहीत."

"आणि हे?" ताईने पडद्याकडे बोट केलं.

"हे मागच्या वेळेपेक्षा थकलंय," भूलवाला म्हणाला. "स्नायू वाढला, नंतर त्यात नुसते दोरे उरले. ते परत फिरत नाहीत. मी यांना झोपवलं तर उठवण्याची खात्री देऊ शकत नाही. खरं सांगू? झोपतानाच जातील."

"मग गाठीचं?"

"गाठीने आता यांचं काही बिघडत नाही," तो म्हणाला, आणि त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्याने यंत्र बंद केलं.

औषधं लिहून दिली. मीठ बंद. पाणी मोजून. नवं हृदय बसवता येतं का, असं भावजयीने विचारलं; त्याचीही एक रांग होती, आणि त्या रांगेत उभं राहायलाही अंगात जेवढा दम लागतो तेवढा त्याच्यात उरला नव्हता. येताना तिघं रिक्षात बसली. खड्ड्याखड्ड्याला कवळी वाजत होती.


शेवटची

उशांना टेकून भाऊ पलंगावर बसला होता. ओठ निळसर. पायांवरची सूज दाबली तर बोटाचा खळगा तसाच राहायचा.

"ताई, आता नीट करून दे," तो म्हणाला. "लोक भेटायला येतात. हसायला गेलो की खाली पडते."

"थर देते आतून."

"थर नको. नवी."

"नव्याला ठसा घ्यावा लागेल. तोंड भरतं त्याने. तुला दम लागेल."

"लागू दे. इतके ठसे घेतलेस, एवढ्याने काय मरतोय."

भावजय म्हणाली, "काहीही बोलतो." तिने त्याला पुढे वाकवून धरलं. ताईने ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला, ओठ बाजूला केला, ट्रे खाली दाबला. नाकाने श्वास घे, नाकाने. त्याचे डोळे मोठे झाले. त्याने तिचं मनगट पकडलं. ते रुंद, जाड बोटांचं पकडणं लहानपणी रस्ता ओलांडताना तो पकडायचा तसं नव्हतं. हा वेगळाच हात होता, आणि त्याचाच होता. ती मोठ्याने काहीबाही बोलत राहिली, झालं, झालं, आता घट्ट होतोय, थोडंच, थोडंच. लगदा घट्ट झाला. तिने ट्रे काढला. तो बराच वेळ धापा टाकत होता. मग वरच्या जबड्याचा घेतला.

ठसा सुबक आला होता. एकही बुडबुडा नाही.

दुकानात तिने दात मांडले तेव्हा हनुवटी लपवली नाही. जबडा जिथे आला होता तिथेच दात दिले. ओठामागे जाडी दिली नाही. मेण घासताना तिच्या लक्षात आलं, की इतक्या कवळ्यांत पहिल्यांदाच ती त्याच्या खऱ्या तोंडाची कवळी करत होती. काम लवकर झालं. तिला ते लवकर व्हायला नको होतं.

बसवली तेव्हा भावाने जीभ फिरवली, दोन्ही बाजूंनी चावून पाहिलं, 'स' म्हणून पाहिलं. आवाज नाही.

"बसली?"

"गच्च."

"कुठे टोचत नाही ना?"

"नाही."

"टोचलं तर सांग. घासून देईन."

ही कवळी आता टोचणार नव्हती. वाढायचं थांबलं होतं, आणि झिजायला वर्षं लागतात.

"गॅरंटी किती, बाई?" त्याने गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं.

दुकानात ती सगळ्यांना जे सांगायची तेच तिच्या तोंडून निघालं. "पाच वर्षं."

भाऊ हसला. कवळी जागची हलली नाही. भावजय उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणी तो बंद केला नाही.